संगणकाच्या स्मृतीचा कारभार



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले म्हणजे राजघराणी, लढाया आणि तह यांची अपेक्षा बाळगून आपण येता. आजच्या विषयात राजघराणे नाही. परंतु टंचाई आहे, वाटणीचे तंटे आहेत, दिलेली आणि मोडलेली वचने आहेत, आणि हा सारा व्यवहार पडद्याआड राहून चालविणारा एक कारभारीही आहे. संगणकाची स्मृती, जिला आपण बोलताना मेमरी किंवा रॅम म्हणतो, ती निरनिराळ्या कामांत कशी वाटली जाते आणि वाटणीची ही रीत कशी घडत गेली, त्याचा हा इतिहास आहे.

विषय यंत्राचा असला तरी त्याची झळ घरोघर पोचलेली आहे. नागपुरातल्या एखाद्या घरातली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. महाविद्यालयात शिकणारी मुलगी संगणकावर प्रकल्पाचा अहवाल लिहीत बसली आहे. ब्राउझरमध्ये माहितीची वीस-पंचवीस पाने उघडी आहेत, छायाचित्रे दुरुस्त करण्याचा एक प्रोग्राम चालू आहे, आणि धाकट्या भावाने मघाशी लावलेले गाणेही तसेच चालू आहे. एकाएकी यंत्र जड होते. पडद्यावरचा बाण अडखळत सरकतो, कळ दाबल्यावर अक्षर उमटावयास दहा-दहा सेकंद लागतात, आणि थोड्या वेळाने अहवालाची खिडकीच नाहीशी होते. तासाभराचे लिखाण गेलेले असते. दुसऱ्या दिवशी दुकानात चौकशी केली की उत्तर ठरलेले असते : ‘रॅम वाढवा.’

हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. गाणे चालू राहिले आणि अहवाल मात्र गेला, असे का व्हावे? हा निर्णय कोणी घेतला, आणि कोणत्या नियमाने? याचे उत्तर शोधावयाचे तर साठ-सत्तर वर्षे मागे जावे लागते.

टेबल, कपाट आणि कारभारी

संगणकात माहिती ठेवण्याच्या जागा मुख्यतः दोन. एक कपाट, म्हणजे डिस्क. दुसरे टेबल, म्हणजे स्मृती. कपाट मोठे असते, स्वस्त असते, आणि वीज गेली तरी त्यातले कागद जागच्या जागी राहतात. टेबल लहान असते, महाग असते, आणि वीज गेली की क्षणात साफ होते. परंतु हिशेब करणारा कारकून, म्हणजे यंत्राचा प्रक्रियक, फक्त टेबलावरचेच कागद वाचू शकतो. कपाटातला कागद हवा असेल तर तो आधी टेबलावर आणावा लागतो.

या आणण्याला किती वेळ लागतो? टेबलावरचा कागद उचलावयास एक मिनिट लागते असे धरले, तर फिरत्या तबकडीच्या जुन्या डिस्कवरून तोच कागद आणावयास त्या मानाने सुमारे ६९ दिवस लागतील. दोहोंच्या वेगांत साधारण एक लाखाचे अंतर आहे. अलीकडच्या, फिरते भाग नसलेल्या डिस्कने हे अंतर हजाराच्या आसपास आणले. तरीही एका मिनिटाच्या ठिकाणी सोळा-सतरा तास होतातच. संगणक का अडखळतो याचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आणि टेबलावर कोणाचा कागद राहावा, कोणाचा कपाटात जावा, हे ठरविणारा जो कारभारी, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, लिनक्स, मॅक ही त्याचीच निरनिराळी घराणी. पूर्वी दौलतीचा जमाखर्च जसा फडणिसाच्या वहीत असे, तसा स्मृतीच्या प्रत्येक तुकड्याचा जमाखर्च या कारभाऱ्याच्या वहीत असतो.

दहा हजार बाइटांचे अंथरूण

आरंभी मात्र असा कारभारी नव्हता. हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. मुंबईपर्यंत गेले तरी पुरे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४ च्या सुमारास आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांचा एक गट संगणक बांधावयास बसला. परदेशी यंत्र विकत आणून ठेवणे वेगळे, आणि सुटे भाग जुळवीत स्वतःच यंत्र उभारणे वेगळे. त्यांनी दुसरी वाट धरली. १९५६ मध्ये लहान नमुना-यंत्र चालू झाले, १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागले, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. जुन्या रेडिओत असत तसे सुमारे २७०० व्हॉल्व्ह त्यात होते.

या यंत्राची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तारांच्या जाळीत मण्यांसारख्या ओवलेल्या या कड्या एका दिशेने चुंबकित झाल्या की ‘एक’, उलट दिशेने झाल्या की ‘शून्य’. प्रत्येकी ४० अंकांचे २०४८ शब्द, म्हणजे एकूण ८१,९२० अंक त्यात मावत. आजच्या मापाने हे होतात १०,२४० बाइट. तुलनेसाठी आपल्या गावाचेच नाव घेऊ. ‘नागपूर’ हा शब्द काना आणि ऊकार धरून सहा चिन्हांचा. आज प्रचलित असलेल्या लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे या एका शब्दाला अठरा. टिफ्रॅकच्या साऱ्या स्मृतीत अशी सुमारे ३४०० चिन्हे राहिली असती. आजच्या या व्याख्यानाचा तिसरा हिस्साही तिच्यात मावला नसता! आज घरगुती संगणकात सर्रास आढळणारी आठ गिगाबाइट स्मृती ही टिफ्रॅकच्या स्मृतीच्या आठ लाख अडतीस हजारांहून अधिक पट आहे.

तरीही त्या चिमुकल्या टेबलावर शास्त्रज्ञांनी गंभीर गणिते सोडविली. ती कशी? ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा त्यांचा नियम होता. प्रोग्राम लिहिणाऱ्याला स्मृतीचा कोपरान् कोपरा माहीत असे. कोणता आकडा कोठे ठेवला आहे, तो केव्हा निरुपयोगी होईल आणि त्याच जागी दुसरा कोणता बसविता येईल, हे तो कागदावर आखून घेई. गणित स्मृतीत मावत नसेल तर त्याचे तुकडे पाडणे, एक तुकडा पुरा झाल्यावर त्याच जागी दुसरा आणणे, हेही त्याचेच काम. यंत्रावर एका वेळी एकाचेच काम चाले, म्हणून वाटणीचा तंटा नव्हता. मालकही तोच आणि फडणीसही तोच.

परंतु हा काळ टिकणारा नव्हता. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन बनावटीचे मोठे यंत्र आले आणि देशातल्या निरनिराळ्या संस्थांची कामे त्याच्याकडे येऊ लागली. जगभर हेच घडत होते. यंत्र महाग, मागणारे पुष्कळ. एकाचे काम डिस्कची वाट पाहत थांबलेले असताना लाखो रुपयांचे यंत्र रिकामे ठेवणे परवडेना. मग एकाच वेळी अनेकांचे कागद एकाच टेबलावर ठेवण्याची कल्पना पुढे आली, आणि वाटणीचा प्रश्न उभा राहिला.

मँचेस्टरचे वचन

या प्रश्नाला पहिले भारदस्त उत्तर इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात मिळाले. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ‘ॲटलस’ नावाचा संगणक बांधला. डिसेंबर १९६२ मध्ये तो सुरू झाला. ॲटलसच्या कड्यांच्या स्मृतीत १६,३८४ शब्द मावत. त्याखेरीज चुंबकीय ढोलांवर सुमारे ९८,००० शब्दांची सावकाश चालणारी जागा होती. किलबर्न यांनी ठरविले, की प्रोग्राम लिहिणाऱ्याला या दोन जागांतला भेद दिसूच द्यावयाचा नाही. एकच विस्तीर्ण स्मृती आहे असे समजून त्याने लिहावे. कोणता भाग कोठे आहे याची उठाठेव यंत्राने करावी.

त्यासाठी त्यांनी स्मृतीची पाने पाडली. एक पान ५१२ शब्दांचे. म्हणजे टेबलावर एका वेळी ३२ पाने. प्रोग्रामने एखादा शब्द मागितला की यंत्र वहीत पाहून त्याचे पान टेबलावर आहे की नाही ते तपासी. असेल तर काम पुढे चाले. नसेल तर ते क्षणभर थांबे, पान ढोलावरून आणले जाई, वही दुरुस्त होई, आणि काही घडलेच नाही अशा रीतीने काम पुन्हा सुरू होई. जागा हवी म्हणून जुने एखादे पान परत पाठवावे लागे. ते कोणते, हे ठरविण्यासाठी ॲटलसच्या कारभाऱ्याला पानांच्या वापराची नोंद ठेवावयास शिकविले होते. लवकर लागण्याचा संभव नाही असे पान तो निवडी.

आज आपण ज्याला आभासी स्मृती म्हणतो ती ही. तिचे मर्म वचनात आहे. कारभारी प्रत्येकाला सांगतो, ‘हवी तेवढी जागा घे’; प्रत्यक्षात तेवढी जागा त्याच्याजवळ नसते. सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागावयास येत नाहीत या भरवशावर पेढी चालते, त्यातलाच हा प्रकार. हा भरवसा निराधार नव्हे. कोणताही प्रोग्राम एका वेळी आपल्या थोड्याच भागात रमलेला असतो. हजार पानांचा ग्रंथ समोर असला तरी वाचणाऱ्याची नजर एका वेळी दोन पानांवर असते, तसेच हे. वचन पाळले जाते ते या स्वभावधर्माच्या बळावर.

हाताने केलेली आखणी यंत्राच्या आखणीहून सरस, असे जुने जाणते प्रोग्रामर पुष्कळ दिवस म्हणत राहिले. १९६९ मध्ये डेव्हिड सेअर यांनी दोन्ही रीती ताडून पाहिल्या आणि यंत्राची आखणी माणसाच्या आखणीच्या तोडीस तोड उतरते असे दाखविले. तेव्हापासून अंथरूण पाहण्याचे काम प्रोग्रामरच्या हातून सुटले. ही सुटका मोठी होती, आणि तिच्यातच पुढच्या दुःखाचे बीही होते.

रास न पडणारी मळणी

कारभारी अडचणीत आला तो लवकरच. यंत्रावर कामे वाढवीत नेली की काही मर्यादेपर्यंत एकंदर उरक वाढतो. पण त्या मर्यादेपलीकडे आणखी एकच काम घेतले, तर उरक किंचित कमी होण्याऐवजी एकदम कोसळतो. पहिल्याचे पान आणावयाचे म्हणून दुसऱ्याचे काढावे, तर दुसऱ्याला त्याच क्षणी ते हवे असते. ते परत आणावयाचे म्हणून तिसऱ्याचे काढावे लागते. सगळा वेळ कागद नेण्या-आणण्यात जातो आणि लिहिणे होतच नाही. इंग्रजीत या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’, म्हणजे झोडपणी किंवा मळणी, असे नाव पडले. बैल फिरत आहेत, धूळ उडत आहे, आणि रास मात्र पडत नाही, अशी ही मळणी!

१९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी या दुखण्याचे निदान केले. प्रत्येक कामाला सध्या लागणाऱ्या पानांचा एक लहान संच असतो. तो संच पुरता टेबलावर मावत असेल तरच ते काम चालू ठेवावे. मावत नसेल, तर एखाद्या कामाला सरळ थांबवून बाकीची पुरी होऊ द्यावी. सर्वांना थोडेथोडे देऊन सर्वांना उपाशी ठेवण्यापेक्षा एकाला थोडा वेळ बाजूस बसविणे बरे, असा या सिद्धांताचा मथितार्थ आहे. मघाच्या मुलीचे यंत्र जड झाले तेव्हा त्यात हीच मळणी चालू होती.

टेबलावरचा संगणक आणि पुन्हा पहिला पाठ

मोठ्या यंत्रांनी १९७० पर्यंत हे शहाणपण कमावले होते. परंतु संगणक लहान होऊन घराघरात, दुकानात आला तेव्हा हे सारे शहाणपण मागे राहिले. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या प्रक्रियकाला एकूण १०,४८,५७६ बाइटांचाच पत्ता लावता येई, आणि त्यातले ६४० किलोबाइट तेवढे प्रोग्रामांच्या वाट्याला ठेवले होते. डॉस हा त्याचा कारभारी जवळजवळ नामधारी होता. प्रोग्राम एकदा सुरू झाला की सारी स्मृती त्याच्या ताब्यात. तो कारभाऱ्याच्या स्वतःच्या जागेतही लिहू शके, आणि मग यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्यावाचून उपाय नसे. जानेवारी १९८४ मध्ये आलेल्या मॅकिंटॉश संगणकात तर सुरुवातीला अवघे १२८ किलोबाइट होते. पुढे त्यावर अनेक प्रोग्राम एकत्र चालू लागले, तेव्हा कोणत्या प्रोग्रामला किती स्मृती द्यावी हा आकडा वापरणाऱ्यानेच एका चौकटीत भरावयाचा, अशी रीत होती. २००१ मध्ये मॅकची नवी प्रणाली येईपर्यंत ती चालू राहिली.

या ६४० किलोबाइटांच्या घरात देवनागरीला बसवावयाचे होते. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक ठेवली की शब्द होतो. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांची जुळणी करावी लागते. हे काम मुख्य प्रोग्रामवर टाकले तर आधीच तोकडी असलेली जागा आणि वेळ त्यात जाणार. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये सुरू होऊन पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्राने यावर तोड काढली. यंत्रात एक वेगळे कार्ड बसवावयाचे आणि अक्षरांच्या जुळणीचा भार त्या कार्डाने उचलावयाचा. इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रामांतही मग मराठी नोंदी करता येऊ लागल्या. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये मानक ठरलेल्या ‘इस्की’ संकेतात प्रत्येक चिन्हाला एकच बाइट पुरे. ‘नागपूर’ शब्द तेव्हा सहा बाइटांत मावत असे.

सी-डॅकचा उल्लेख आला आहे तर तिचे पहिले धुरीण डॉ. विजय भटकर यांचेही स्मरण करू. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे हे गृहस्थ आपल्या नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १९६५ चे पदवीधर. अमेरिकेने महासंगणक देण्याचे नाकारल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली, आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ उभा केला. स्मृतीच्या दृष्टीने त्याची रचना पाहण्यासारखी आहे. अनेक प्रक्रियक एकत्र जोडलेले. पण प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र. दुसऱ्याच्या टेबलावरचा कागद हवा असेल तर निरोप पाठवून मागवावयाचा. परस्पर हात घालण्याची सोय नाही. वाटणीचा तंटा मिटविण्याची ही एक रीत : चूल वेगळी मांडणे.

घरगुती यंत्राला ॲटलसचे शहाणपण परत मिळाले ते इंटेलच्या ८०३८६ या प्रक्रियकामुळे. १९८५ मध्ये आलेल्या या प्रक्रियकात ४०९६ बाइटांच्या पानांची आणि वहीची सोय अंगभूतच होती. मे १९९० मधल्या विंडोज ३.० ने तिचा उपयोग सुरू केला. १९९३ च्या विंडोज एनटीने प्रत्येक प्रोग्रामभोवती पक्की भिंत बांधली, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या पानांत डोकावता येईना. आणि ऑगस्ट १९९५ च्या विंडोज ९५ ने ही रीत सामान्य वापरणाऱ्यापर्यंत पोचविली.

याच सुमारास फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स लिहावयास घेतली. तिची एक हकीकत आहे. जर्मनीतल्या एका वापरणाऱ्याच्या यंत्रात अवघे दोन मेगाबाइट होते आणि तेवढ्यात त्याचे काम होईना. त्याच्यासाठी टोरवाल्ड्सने त्या वर्षीच्या नाताळच्या सुमारास पाने डिस्कवर पाठविण्याची सोय लिहून काढली, आणि जानेवारी १९९२ मध्ये ती लिनक्समध्ये आली. महागडी स्मृती घेऊ न शकणाऱ्या एका माणसाच्या गरजेतून ही सोय जन्मली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वचन मोडावयाचे तर कोणाशी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वचने दिली, पण सारेच एकदम मागावयास आले तर? येथे कारभाऱ्यांच्या दोन नीती दिसतात.

विंडोजचा कारभारी हिशेबी सावकारासारखा वागतो. प्रत्यक्ष स्मृती आणि डिस्कवर राखून ठेवलेली जागा यांच्या बेरजेपलीकडे तो वचनच देत नाही. मर्यादा गाठली की पुढच्या मागणीला नकार मिळतो. हे प्रामाणिक आहे. परंतु नकार मिळतो तो शेवटी मागणाऱ्याला, जास्त खाणाऱ्याला नव्हे. आणि नकार पचविण्याची तयारी नसलेला प्रोग्राम तेथेच कोसळतो. ब्राउझरने सारे गिळून ठेवलेले असते, आणि चार ओळींसाठी जागा मागावयास गेलेला अहवाल बळी पडतो.

लिनक्सचा कारभारी उदार आहे. मागितलेली जागा प्रत्येक जण पुरती वापरत नाही हे जाणून तो नेहमीच्या व्यवहारात ऐपतीपेक्षा अधिक वचने देतो. पान खरोखर दिले जाते ते प्रोग्राम त्याला प्रथम हात लावतो तेव्हा. पण सर्वांनी एकदम हात लावला आणि जागा संपली, की नकार देण्याची वेळ टळून गेलेली असते. मग तो प्रत्येक चालू प्रोग्रामला गुण देतो. गुण मुख्यतः व्यापलेल्या स्मृतीवरून पडतात, आणि ज्याला सर्वांत अधिक त्याला तो तत्काळ संपवितो. बहुधा तोच सर्वांत मोठा असतो, आणि पुष्कळदा वापरणारा त्यावरच काम करीत असतो.

एका नीतीत शेवटी आलेला पडतो, दुसरीत सर्वांत मोठा पडतो. लहानसे गाणे दोन्हींतून वाचते. त्या मुलीचा अहवाल का गेला याचे उत्तर हे आहे. कारभारी किती पाने हे जाणतो. त्या पानांत काय लिहिले आहे आणि ते कोणाला किती मोलाचे आहे, हे तो जाणत नाही, आणि जाणण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. वहीत गाण्याचे पान आणि अहवालाचे पान सारखेच ४०९६ बाइटांचे असते.

हा दोष झाकण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१३ मध्ये मॅकने आणि २०१५ मध्ये विंडोज १० ने कमी वापरातली पाने डिस्कवर धाडण्यापूर्वी स्मृतीतच दाबून लहान करण्याची रीत स्वीकारली. लिनक्समध्ये २००८ पासून कामांचे गट पाडून प्रत्येक गटाला मर्यादा घालता येते. तरी या साऱ्या सोयी टेबल थोडे लांबवितात, एवढेच.

पाय किती पसरले?

आणि टेबल लांबले तसे पायही पसरले. विंडोज ९५ ला किमान चार मेगाबाइट स्मृती लागे. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान चार गिगाबाइट लागते. सव्वीस वर्षांत गरज हजारपटीहून अधिक वाढली. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे ही आपली कामे हजारपट वाढली काय? स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच गाऱ्हाणे मांडले होते, की यंत्रे वेगवान होतात त्याहून अधिक झपाट्याने प्रोग्राम मंद होत आहेत.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळी वाढ ही उधळपट्टी नव्हे. २००८ मध्ये आलेल्या क्रोम ब्राउझरने निरनिराळी पाने निरनिराळ्या भिंतींआड ठेवण्याची प्रथा पाडली. एक पान बिघडले तर बाकीची वाचावीत आणि एकाने दुसऱ्यातले गुपित चोरू नये, हा हेतू. भिंती बांधावयाच्या तर जागा जाणारच. ‘नागपूर’ शब्दाला सहाऐवजी अठरा बाइट लागू लागले, पण त्या बदल्यात तो शब्द जगातल्या कोणत्याही संगणकावर, कोणत्याही लिपीच्या शेजारी अचूक वाचता येऊ लागला. हा खर्च मी आनंदाने मान्य करीन. गाऱ्हाणे आहे ते जाहिरातींसाठी आणि निव्वळ लिहिणाऱ्याच्या आळसासाठी होणाऱ्या खर्चाविरुद्ध. प्रोग्राम लिहिणाऱ्याला आभासी स्मृतीने काळजीतून सोडविले; पुढे तो पूर्णच निश्चिंत झाला, आणि त्याचे बिल आपल्याकडे येऊ लागले. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून स्मृतीच्या चिपांचे भाव चढले, तेव्हा ‘रॅम वाढवा’ हा सोपा सल्लाही सोपा उरला नाही.

जाता जाता दोन गैरसमज दूर करतो. स्मृती बरीचशी भरलेली दिसली की पुष्कळ जण घाबरतात आणि ‘स्मृती साफ करणारे’ प्रोग्राम आणून बसवितात. वस्तुतः शहाणा कारभारी रिकामी जागा रिकामी ठेवीत नाही. नुकतेच वाचलेले कागद पुन्हा लागतील म्हणून ते तेथेच राहू देतो, आणि कोणी जागा मागताच काढून घेतो. ते साफ केले तर पुन्हा कपाटापर्यंत खेप पडते. दुसरे म्हणजे, यंत्र बंद करून चालू केल्यावर ते काही दिवस चपळ होते, यात जादू नाही. काही प्रोग्राम घेतलेली जागा परत करावयास विसरतात. ही गळती साचत जाते. घेतलेल्या पानाची अजून गरज आहे की नाही हे कारभाऱ्याला कळत नसल्यामुळे तो ते हिसकावू शकत नाही; प्रोग्राम बंद झाला म्हणजे मात्र सारी पाने परत येतात. तेव्हा सगळे यंत्र बंद करण्याऐवजी गळका प्रोग्राम तेवढा बंद केला तरी चालते.

आपल्या शहरातल्या शाळा, वाचनालये आणि लहान कचेऱ्या यांच्या चालकांना माझी एवढीच विनंती आहे, की ‘मंद झाले’ या एका शब्दावर कोणतेही यंत्र भंगारात काढू नये. प्रत्येक संगणकात कारभाऱ्याची वही उघडून दाखविणारी एक खिडकी असते; कोण किती जागा व्यापून बसला आहे ते तीत स्पष्ट दिसते. पाच मिनिटे ती पाहावी. पुष्कळदा दोष यंत्रात नसून त्यावर लादलेल्या चार अनावश्यक कामांत सापडेल. दोन गिगाबाइटांचे यंत्र हलक्या लिनक्सवर मुलांना लिहावयास शिकविण्यापुरते आजही चालते.

आणि त्या मुलीला? तिला मी सांगेन, की दर थोड्या वेळाने लिखाण डिस्कवर साठव. टेबलावर आहे तोवर ते कारभाऱ्याच्या मर्जीवर आहे. कपाटात गेले की तुझे झाले. टिफ्रॅकवर काम करणाऱ्याला आपला प्रत्येक आकडा कोठे आहे हे ठाऊक होते. तेवढे ज्ञान आज कोणालाच शक्य नाही. परंतु आपले काम या क्षणी टेबलावर आहे की कपाटात, एवढे तरी प्रत्येकाला ठाऊक असावे.